एल्वियोला त्रोवारे

आमच्या तळ्याकाठी कुणी कुणाला भेटायला जात नाही, सापडवायला जातं. म्हणजे जातात भेटायलाच, हातात डझनभर अंडी नाहीतर घरच्या वाईनची बाटली घेऊन, दोन तास दुसऱ्याची खुर्ची अडवायला. पण घरातून निघताना म्हणतात, ‘त्रोवारे’ करून येतो. किल्ली हरवली की ती त्रोवारे करायची, आणि मावशी आजारी पडली की तीही त्रोवारेच करायची. दोन नोव्हेंबरला सगळं गाव शेवंतीच्या कुंड्या घेऊन दफनभूमीची चढण चढतं, तेही मेलेल्यांना त्रोवारे करायला. मेलेले बिचारे जाणार कुठे, जागच्या जागी सापडतात. शब्द इतका तोंडातला, की हा आला कुठून हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. देलियाच्या आलं, आणि त्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं.

देलिया म्हणजे सेत्तीमियो मच्छीमाराची थोरली. त्राझिमेनो तळ्याच्या उगवतीकडच्या आमच्या गावात पाद्रीबुवा सोडले तर लॅटिन शिकलेलं पहिलं माणूस तीच. पलीकडच्या काठावर कास्तिलिओनेच्या शाळेत तिने तीस वर्षं तेच लॅटिन शिकवलं. अंगाने काटकुळी, चष्मा दोरीने गळ्यात लटकलेला, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. खाटकाच्या दुकानात बायका तिच्यासमोर जपून बोलायच्या. एकीने चुकीचा काळ वापरला तर देलिया मटणाची पिशवी हातात धरून तो दुरुस्त करायची. स्वभाव वाईट नव्हता तिचा, पण वाक्य लंगडं राहिलेलं तिला बघवत नसे.

तिने एक पुस्तक लिहिलं. चाळीस पानांचं, ‘त्रोवारे’ या एकट्या क्रियापदाच्या कुळावर. या शब्दावरून पंडितांत जुनं भांडण आहे. एक तट म्हणतो, हा शब्द गाणाऱ्यांचा. गाण्यातल्या वळणाला लॅटिनमध्ये एक शब्द होता, त्यावरून वळण रचणं, मग गाणं सुचणं, मग सुचता सुचता नुसतं सापडणं. दुसरा तट म्हणतो, छे, हा शब्द पाण्यातला. लॅटिनमध्ये ‘तुर्बारे’ म्हणजे ढवळणं, गढूळ करणं. मच्छीमार काठीने पाणी ढवळतो, मासा घाबरून पळतो आणि जाळ्यात सापडतो. ढवळणं हेच पुढे सापडणं झालं. देलिया गाणाऱ्यांच्या बाजूला गेली. पाण्यातल्या मताला तिने शेवटी दीड पान दिलं आणि लिहिलं, ‘कल्पना रम्य आहे, पण पुराव्याला टिकत नाही.’

सेत्तीमियोला वाचता बेताचंच यायचं. त्याने ते दीड पान ओत्तोरिनोकडून वाचून घेतलं. ओत्तोरिनो म्हणजे शेजारी, तोही मच्छीमार, तोंडाने आगाऊ. त्याने भर बारमध्ये कॉफीचे कप वाजत असताना मोठ्याने वाचलं. सेत्तीमियो आठवडाभर लेकीशी बोलला नाही. आठव्या दिवशी जेवताना म्हणाला,

“गाणाऱ्यांना सापडलं म्हणे. गाणाऱ्यांना काय सापडतं? सर्दी.”

देलिया हसली नाही. हसायला हवं होतं, असं तिला पुढे फार वाटलं.

म्हाताऱ्याला झोंबलं त्याला कारण होतं. पाण्यातलं मत पंडितांच्या आधी तिला त्याने सांगितलं होतं.

अडतीस सालच्या फेब्रुवारीत सेत्तीमियो एकोणीस वर्षांचा होता आणि त्याचा धाकटा भाऊ एल्वियो पंधराचा. दोघं होडीत होते. सेत्तीमियो पुढे उभा राहून काठीने पाणी ढवळत होता. लांब काठी, टोकाला पोकळ लाकडी पेला, तो पाण्यात आपटला की भक्कन आवाज होतो आणि मासा जाळ्याकडे धावतो. जाळं एल्वियोच्या हातात होतं. उत्तरेचा वारा सुटला आणि होडी उलटली. सेत्तीमियोने काठी सोडली नव्हती, ती तरंगली, तो वाचला. एल्वियोच्या मांडीपर्यंतच्या बुटांत पाणी भरलं. सेत्तीमियो हाका मारत तीच काठी खाली खुपसत राहिला आणि काठीला लागत होता तो चिखल. अकरा दिवस गावातल्या सगळ्या होड्या ते पाणी ढवळत होत्या. काही सापडलं नाही. आमचं तळं जास्तीत जास्त तीन पुरुष खोल. पलीकडच्या गावची माणसं म्हणायची, एवढ्याशा डबक्यात पोरगा हरवतो कसा? आईने दफनभूमीत दगड बसवला, त्यावर अंडाकृती फोटो लावला, आणि त्या दगडाखाली आजतागायत कुणी नाही.

ती काठी सेत्तीमियोने मासेमारीला पुन्हा कधी वापरली नाही. परसातल्या खोपटात दोन खिळ्यांवर ती आडवी असायची. ती कशासाठी आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

अठ्ठावन्न साली तळं इतकं आटलं की होड्या किनाऱ्यापासून दूर चिखलात बसल्या. दर रविवारी, गाव चर्चमध्ये असताना, सेत्तीमियो काठी घेऊन त्या चिखलात उतरायचा आणि आठ वर्षांच्या देलियाला बरोबर न्यायचा. तिच्या हातात बादली. जे निघेल ते बादलीत. खापऱ्या निघायच्या, शिंपले, एकदा लाकडी चप्पल, एकदा गाईचा जबडा. तो जबडा बाप किती तरी वेळ हातात फिरवून बघत होता.

“बाबा, आपण काय करतोय?”

“त्रोवारे.”

“पण सापडलं कुठे काय?”

“माझे आजोबा नुसतं पाण्यात काठी मारण्यालाच त्रोवारे म्हणायचे. आधी ढवळायचं, मग मिळायचं. दोन्हीला शब्द एकच. ढवळल्याशिवाय मिळत नाही, देलिया, ते त्या शब्दातच आहे.”

हे खरं की खोटं ते बघायला ती लॅटिन शिकली, असं मला तरी वाटतं. पण शिकेपर्यंत तिला त्या चिखलाचा, त्या बादलीचा, बापाच्या त्या वाकलेल्या पाठीचा वीट आला होता. तिला तो शब्द गाणाऱ्यांचा हवा होता. बापाच्या आजोबांच्या त्या बोलण्याची नोंद तिच्या वहीत होती, पुस्तकात ती आली नाही. वहीत समोर लिहिलं होतं: ‘एकाच माणसाची साक्ष. तीही बापाची.’

देलियाच्या पाठीवर चार वर्षांनी मुलगा झाला. गेलेल्याचं नाव घरात पुढे येणाऱ्या मुलाला द्यायची आमच्याकडे रीत आहे. सेत्तीमियोने त्याचं नाव एल्वियो ठेवलं. नाव ठेवलं खरं, पण त्याला ते उच्चारता येईना. मुलाला तो ‘ए पोरा’ म्हणायचा. पोरगा मोठा झाला तरी ‘ए पोरा’. पाठीमागे ‘आमचा पोरगा’. बाप हाक मारताना नेहमी एक श्वासभर थांबतो, हे त्या मुलाला चालायला लागल्यापासून कळत होतं.

त्याला होडीत पाय ठेवू दिला नाही. पोहायला शिकू दिलं नाही, कारण पोहायला शिकायचं तर पाण्यात जावं लागतं. चौदाव्या वर्षी त्याला पेरुजाला मामाच्या टायरच्या दुकानात धाडलं. गाव म्हणालं, सेत्तीमियो शहाणा. पोराला वाटलं, बापाने घराबाहेर काढलं. दोघांनी त्याबद्दल एक शब्द कधी काढला नाही. नंतर एल्वियोने शहराबाहेर स्वतःचं दुकान टाकलं, लग्न केलं, पोट सुटलं, केस गेले. बापाच्या बोलण्यात तो ‘टायरवाला’ झाला. नाताळला आणि ईस्टरला यायचा, चुलीजवळ बसायचा, बापलेक हवेबद्दल बोलायचे. निघताना दारात कोट चढवत तो दर वेळी म्हणायचा,

“बाबा, या ना कधी तरी मला त्रोवारे करायला.”

“बघू.”

बसने चाळीस मिनिटांचा रस्ता. म्हातारा एकदाही गेला नाही. देलियाला आयुष्यात फार काही नको होतं. पण चौऱ्याऐंशीच्या बापाने डोळे मिटायच्या आत एकदा, फक्त एकदा, त्या दुकानाच्या दारात उभं राहावं, एवढं तिला हवं होतं. तिने बसचं तिकीट आणून साखरेच्या डब्यामागे ठेवलं होतं. दोन वर्षं ते तिथे पिवळं पडत होतं.

दोन हजार तीनचा उन्हाळा भाजून काढणारा गेला. तळं आत सरकलं, धक्क्याचे खांब कोरड्यात उघडे पडले, वास सुटला. दोन नोव्हेंबर रविवारी आला. देलिया बापाला घेऊन दफनभूमीत गेली. आईच्या दगडावरची पानं तिने झाडली, शेवंती ठेवली. एल्वियो येतो म्हणाला होता, आला नाही.

“काय मास्तरीणबाई, टायरवाला नाही आला?” ओत्तोरिनो मागून म्हणाला.

“कामात असेल.”

“आज? मेलेल्यांच्या दिवशी कुणाचा टायर फुटतो?”

सेत्तीमियोने बायकोच्या दगडावर दोनदा थोपटलं, जसं ती जिवंत असताना तो तिच्या खांद्यावर थोपटायचा, आणि टोपी घालून दरवाज्याकडे निघाला. वाटेत भावाचा दगड होता. तो नाकासमोर बघत पुढे गेला.

“अरे, इथवर आलायस तर एल्वियोला त्रोवारे करून जा की!” ओत्तोरिनो मागून ओरडला.

“तो इथे नाही,” सेत्तीमियो म्हणाला. “इथे फोटो आहे.”

“मग मघाशी मी टोपी काढली ती कुणासाठी?”

“फोटोसाठी.”

दफनभूमीच्या दरवाज्यातून खाली सगळं तळं दिसतं. म्हातारा तिथे थांबला. पाण्याची कड इतकी आत गेली होती की जुन्या बोरूच्या बेटाभोवती नुसता करडा चिखल होता.

“अठ्ठावन्नसारखं झालंय,” ओत्तोरिनो म्हणाला.

“अठ्ठावन्नएवढं नाही. पण मला काही परत अठ्ठावन्न दिसायचं नाही.”

देलियाचं तिकडे लक्ष नव्हतं. तिचा भावावर जळफळाट चालला होता. घरी आल्यावर तिने तो बापावर काढला. आईच्या कबरीवर यायला त्याला सवड नाही, आणि का असावी, तुम्ही त्याच्याकडे कधी गेलात? एकदा तरी? म्हातारा चमच्याने तळ्याकाठचे बारके घेवडे खात होता. ते संपवून त्याने ताटली पावाने पुसली.

“बघू,” म्हणाला.

सोमवारी सकाळी साडेसहाला ती स्वयंपाकघरात आली तर तो दाढी करून टेबलाशी बसलेला.

“आज एल्वियोला त्रोवारे करून येतो.”

देलियाच्या हातून कॉफी शेगडीवर सांडली. तिला इतका आनंद झाला, की त्या आनंदात तिला वाक्य ऐकू आलं आणि शब्द ऐकू आले नाहीत. माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की त्याचे कान असेच दगा देतात.

“खरंच? काल ‘बघू’ म्हणालात आणि आज एकदम?”

“पाऊस लागायच्या आत जाऊन यावं. एकदा पाऊस लागला की मग जमायचं नाही.”

“रस्ता सापडेल ना? उतरल्यावर उजवीकडे—”

“माहीत आहे मला तो कुठे आहे ते.”

“किती वर्षं वाट बघतोय बाबा तो तुमची.”

“हो,” म्हातारा म्हणाला. “फार वर्षं झाली.” त्याचे डोळे भरून आले होते. देलियाने त्याच्या कपाळावर ओठ टेकले. हे तिने लहानपणानंतर केलं नव्हतं.

मग तिची धांदल उडाली. पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. शहरातले काळे बूट पुसून दिले. नाताळसाठी आणून ठेवलेली बदामाची मिठाई, आमच्याकडे ती वाम माशासारखी वेटोळं करून बनवतात, डोळ्यांच्या जागी कॉफीचे दोन दाणे लावतात, ती डब्यात भरली, घेवड्यांची पुरचुंडी केली, वर कागद गुंडाळून दोरी बांधली. तिकीट त्याच्या शर्टाच्या खिशात घातलं.

“नऊची बस आहे. स्टॉपपर्यंत सोडू?”

“चालत जातो. जवळच आहे.”

ती गाडी घेऊन उलट्या बाजूला, शाळेला गेली. त्या दिवशी तिने वर्गात कुणाला रागावलं नाही. गृहपाठ न आणलेल्या मुलीलासुद्धा नाही. मुलांना वाटलं, बाईंना बरं नाही.

दुपारी ती घरी आली, जेवली, वह्या तपासल्या. आता बोलणं झालं असेल, आता त्याची बायको कॉफी करत असेल, असा मनात हिशोब चालू होता. चारला राहवेना. तिने दुकानात फोन लावला.

“टायर,” एल्वियो म्हणाला. फोन उचलला की तो असंच म्हणायचा.

“जेवले का नीट?”

“कोण?”

“कोण काय? बाबा.”

“कुठले बाबा?”

“एल्वियो, थट्टा नको. सकाळी नऊच्या बसने निघालेत तुझ्याकडे.”

पलीकडे हवा भरायचं यंत्र धडधडत होतं. ते कुणी तरी बंद केलं.

“माझ्याकडे?” एल्वियो म्हणाला. “बाबा? माझ्याकडे कशाला येतील, ताई?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. मग तो म्हणाला, मी निघतो, वाटेतले स्टॉप बघत येतो, आणि फोन ठेवला. सकाळचं वाक्य देलियाने आता पहिल्यांदा ऐकलं, सुटं करून, शब्दाला शब्द, जसं ती मुलांकडून करून घ्यायची. ‘पोरा’ नव्हतं. ‘टायरवाला’ नव्हतं. एकोणपन्नास वर्षांत बापाने स्वतःच्या मुलासाठी ‘एल्वियो’ हे नाव तोंडातून काढलं नव्हतं, आणि आज सकाळी काढलं होतं.

ती खोपटाकडे धावली. दोन खिळे रिकामे होते. मांडीपर्यंतचे रबरी बूट नव्हते. त्यांच्या जागी शहरातले काळे बूट नीट जोडीने ठेवलेले होते.

ओत्तोरिनो अंगणात जाळं शिवत बसला होता. तिने काय सांगितलं ते तिचं तिला आठवत नाही. त्याने जाळं खाली टाकलं आणि कोपऱ्यातली आपली काठी उचलली.

“होडी कुठे उलटली होती ते मला माहीत आहे,” तो म्हणाला. “बेटाच्या अलीकडे. माझ्या बापाने मला दाखवलं होतं, तिकडे जाऊ नको म्हणून. चल.”

किनाऱ्यावरच्या पोप्लरच्या फांदीला त्यांना पुडकं दिसलं. दोरीने बांधलेलं, तसंच्या तसं. त्याच्याखाली, कोरड्या दगडावर, पांढरा शर्ट घडी घालून ठेवलेला. खिशात तिकीट होतं. लेकीने इस्त्री केलेला शर्ट चिखलात मळू नये एवढी त्याने काळजी घेतली होती. तिथून पुढे चिखलात बुटांचे ठसे गेले होते, आणि दर ठशाशेजारी काठीचं एक भोक. शेकडो भोकं. काही ठिकाणी तो गोल फिरला होता, परत आला होता, पुन्हा फिरला होता.

साडेचार झाले असतील. नोव्हेंबरात आमच्याकडे उजेड लवकर निघून जातो. ठसे पाण्याच्या कडेशी संपले. पुढे उथळ पाणी, बोरू, आणि वर उठून गेलेली चार बदकं. देलिया शाळेच्या स्कर्टमध्ये गुडघ्यापर्यंत आत गेली आणि हाका मारायला लागली. बाबा, बाबा. पाणी करडं होतं, आपला पायसुद्धा दिसत नव्हता.

ओत्तोरिनोने आपली काठी तिच्या हातात दिली.

“ढवळ.”

“काय?”

“पाणी ढवळ, देलिया. उभं राहून हाका मारून काय सापडणार आहे?”

आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला मास्तरीणबाई म्हटलं नाही. तो स्वतः हातांनी बोरू बाजूला करत चालला. देलियाने काठी खुपसली, फिरवली, उचलली, पुन्हा खुपसली. भक्क, भक्क. अठ्ठावन्न सालचा तो आवाज तिच्या हातांना अजून ठाऊक होता. चिखल लागत होता, मूळ लागत होतं, पुन्हा चिखल. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग काठीला जे लागलं तो चिखल नव्हता.

गुडघाभर पाण्यात तो पालथा पडला होता. काठी त्याच्या खाली होती. तोल गेला असेल, नाहीतर छातीत कळ आली असेल. दोघांनी त्याला उताणा केला आणि कडेला ओढला. त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. ओत्तोरिनोने एकेक बोट करून ती उघडली. देलियाला तेवढ्यातही वाटलं, असेल, काही तरी असेल, बुटाचा खिळा, बटण, काहीही. चिखल होता.

ती त्याच्याशेजारी बसली आणि मोठ्याने रडली. त्याच्या केसांतला चिखल ती खिशातल्या रुमालाने पुसत होती आणि म्हणत होती, मी शर्टाला इस्त्री केली, बाबा, मी इस्त्री करून दिली तुम्हाला. ओत्तोरिनो पाठ करून उभा होता. त्याने टोपी काढली होती, आणि या वेळी ती फोटोसाठी नव्हती.

रस्त्याकडून गाड्यांचे आवाज आले. गावातून कुणी तरी अग्निशमनवाल्यांना फोन केला होता. त्यांच्या मागून एल्वियो येत असणार. देलियाने बापाची काठी बघितली. ती दिसली की एल्वियोला सगळं कळणार होतं. बूट ठीक होते, मच्छीमाराच्या पायात बूट असतातच. पण ती काठी बाप कशासाठी काढतो ते त्याला पाळण्यापासून माहीत होतं. बाप कोणत्या एल्वियोकडे निघाला होता, हे त्याला विचारावंसुद्धा लागलं नसतं.

तिने ती उचलली आणि ओत्तोरिनोकडे दिली.

“ही इथे नव्हती.”

ओत्तोरिनोने तिच्याकडे बघितलं, काठीकडे बघितलं.

“मला काय विचारतेस? माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय,” तो म्हणाला, आणि दोन्ही काठ्या खांद्यावर टाकून बोरूच्या बाजूने निघून गेला.

घरी म्हाताऱ्याला आतल्या खोलीत ठेवलं. शेजारच्या बायका त्याला धूत होत्या, पाण्याचा आवाज येत होता. एल्वियो स्वयंपाकघरात बसला होता, ग्रीसने माखलेल्या कामाच्या कपड्यांतच. देलियाने पुडकं त्याच्यासमोर ठेवलं.

“हे तुझ्यासाठी होतं.”

त्याने दोरी सोडली, कागद उलगडला. बदामाची वाम कॉफीच्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती.

“ताई, नक्की काय म्हणाले? जसंच्या तसं सांग. तू शब्दांची बाई आहेस, तुला आठवत असेल.”

“म्हणाले, ‘आज एल्वियोला त्रोवारे करून येतो.’”

“नाव घेतलं?”

“घेतलं.”

“‘पोरगा’ नाही म्हणाले?”

“नाही.”

“टायरवाला?”

“नाही रे. एल्वियो म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी म्हटलं, तो किती वर्षं वाट बघतोय. तर म्हणाले, ‘हो. फार वर्षं झाली.’”

एल्वियोने दोन्ही हातांत तोंड घेतलं. एवढा पोट सुटलेला माणूस, पण खांदे लहान पोराचे हलतात तसे हलत होते. मग तो म्हणाला, “मासे बघायला उतरले असतील. माझ्यासाठी. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून.” देलियाने सुटलेली दोरी बोटाभोवती गुंडाळून ठेवली. तिने सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. वाक्यातलं नाम कुणाला लागतं ते स्पष्ट नसेल तर तिने तीस वर्षं मुलांचे गुण कापले होते.

काठी चार दिवसांनी ओत्तोरिनोने परसदारी आणून ठेवली. देलियाने करवतीने तिचे पाच तुकडे केले आणि चुलीत घातले. लाकूड पेटायला फार वेळ लागला, आत पाणी होतं. त्याच आठवड्यात पाऊस लागला आणि तळं भरायला लागलं.

एल्वियो आता दर रविवारी येतो, बापाला त्रोवारे करायला. चुलत्याच्या फोटोसमोरही एक फूल ठेवतो. देलियाच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही. कधी एखादा जुना विद्यार्थी भेटतो आणि विचारतो, बाई, तुमचे वडील पाण्याचं म्हणायचे, ते खरं होतं का? ती चष्मा काढते, काच पुसते, आणि म्हणते, पुरावा नाही.